काळ्या पडद्यावरची पांढरी ओळ

१

पडदा काळाकुट्ट होता आणि त्याच्यावर कोपऱ्यात एक पांढरी इंग्रजी ओळ होती. आशाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे किशोरचं नाव हाये का जी?"

दानियालनं ती पुन्हा वाचली. ती ओळ एवढंच सांगत होती की चालू होण्यासारखी चकती, म्हणजे हार्ड डिस्क, सापडली नाही, म्हणून यंत्र थांबलं आहे. पण जिचा तरणाताठा पोरगा किशोर फवारणीच्या विषानं गेला, तिला हे कसं सांगायचं? तो उठून बाहेर गेला, संडासाच्या मागं उभा राहिला आणि त्यानं मला फोन लावला.

"आपा, तुम्ही या. माझ्यावर आळ आला आहे."

मी रुबीना. अकोल्यात संगणकाचे वर्ग घेते. दानियाल माझा जुना विद्यार्थी, आता त्याचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी बहीण फरजाना म्हणते, आणि ते खरंच आहे. मी त्याला तिथंच झापलं. "बंद पडलं म्हणून रडतोस? सेटिंग पाहिलीस का, गधड्या?"

"पाहिली, आपा. दिवाळीनंतर मी दाखवून गेलो तेव्हा चालू होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आता संस्थेच्या ताई म्हणतात, अर्धवट काम करून गेलास."

त्याचा आवाज फाटला होता. मी वर्गाला सुट्टी दिली आणि अमरावतीची एस्टी पकडली. मूर्तिजापूरच्या पुढं खिडकीबाहेर कपाशीची पऱ्हाटी नुसती उभी दिसत होती, बोंडं काळवंडलेली. मी दुसरीकडं पाहिलं. त्या वर्षांत आम्ही सगळेच दुसरीकडं पाहायला शिकलो होतो.

२

कार्यालय म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. संस्थेचं नाव 'बांधावरचा फोन'. शेतकऱ्यानं फोन करायचा, पिकाचं दुखणं सांगायचं आणि निवृत्त कृषी अधिकारी खुशालराव त्याला औषध सांगणार, असं ते काम. प्रत्येक बोलणं जुन्या संगणकात टिपलं जायचं. संस्था चालवायच्या सत्यभामाताई, उंच, खादीची साडी, बोलताना समोरच्याकडं न पाहणाऱ्या.

आशाबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. गाव चांदूर रेल्वेच्या बाजूचं. मी आत जाताना त्या उठल्या, मला वाट दिली, पुन्हा बसल्या.

"ही बाई रोज येते," ताई आत गेल्यावर म्हणाल्या. "भादव्यात तिनं फोन करून कपाशीचं औषध विचारलं. तिनंच ते पंपात कालवलं, पोरानं फवारलं आणि रात्रीतून दवाखान्यात गेला. गाव म्हणतं, बाईनं मात्रा चुकवली. बाईचा नवरा नत्थुजी तर तिच्याशी बोलत नाही. म्हणून तिला तो फोन ऐकायचा आहे. खुशालरावसाहेबांनी काय सांगितलं आणि तिनं काय ऐकलं, ते."

"आणि तुम्हाला?"

ताईंनी टेबलावरची धूळ पुसली. "मला काय! साहेबांनी तर कबूलच केलं आहे की चूक त्यांची होती. महिनाअखेर आम्ही हे बंद करणार."

मी खुर्ची ओढली. जरा समजावून सांगते, कारण याच्यावरच सगळं उभं आहे. जुना संगणक मरायला टेकला होता. बोलणी टिपणारा प्रोग्राम त्याच्यात होता आणि नव्या संगणकावर तो चालायलाच तयार नव्हता. मग दानियालनं जुनी चकती जशीच्या तशी एका मोठ्या फाईलीत उतरवली. त्याला आम्ही इमेज म्हणतो. आणि नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक उभा केला. हा खोटा संगणक त्या फाईलीलाच आपली चकती समजतो आणि जुनं घर जसंच्या तसं मांडतो. जुनी चकती नंतर खडखडली आणि गेली. आता किशोरच्या आईचा फोन त्या एका फाईलीत होता आणि जगात दुसरीकडं कुठंच नव्हता.

मी खोटा संगणक सुरू केला. काळा पडदा, पांढरी ओळ. सेटिंग पाहिली. त्याला ज्या नावाची फाईल पाहिजे होती, ती त्याच जागेवर होती. मग मी त्या फाईलीचं वजन पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. अख्ख्या संगणकाची इमेज म्हणे, आणि आकार एका साध्या सीडीएवढा!

"दानियाल! इकडं ये! उतरवताना लाइट गेली होती ना? भारनियमनात फाईल अर्धी तुटली आणि तू तशीच ठेवून पळालास. हे आहे तुझं काम?"

पोरगा पांढराफटक पडला. "आपा, खुदा कसम, ती पूर्ण होती. मी चालवून दाखवली. ताई होत्या, साहेब होते. विचारा!"

मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी नाइलाजानं मान हलवली. "हो. त्या दिवशी चाललं होतं."

मग भरल्या फाईलीचं मांस कुणी खाल्लं?

३

मी पुन्हा फाईलीकडं वळले. घाईत माणूस आकार पाहतो आणि तारीख पाहत नाही. मीही तेच केलं होतं. तारीख पाहिली आणि हात थांबला.

इमेज काढली दिवाळीनंतर. या फाईलीवर तारीख होती आदल्या उन्हाळ्याची.

"दानियाल, अर्धी तुटली असती तरी दिवाळीनंतरचीच असती ना?"

"हो आपा."

"म्हणजे ही तुझी फाईल नाहीच. दुसरीच कोणती तरी इथं तुझ्या फाईलीचं नाव लावून बसली आहे. म्हणून खोट्या संगणकाला वाटतं चकती आहे, आणि उघडून पाहतो तर आत सुरू होण्यासारखं काही नाही."

दानियाल खाली बसला. त्याला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली, कारण मला माफी मागता येत नाही.

पण ताईंचं तोंड उतरलं होतं. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं?"

"मुद्दाम. आणि या खोलीत येणाऱ्यानं."

कोण? दानियालला हे करायचं असतं तर त्यानं तारखेचा मागमूससुद्धा ठेवला नसता, तेवढं मी त्याला शिकवलं आहे. ताई? संस्थेची बदनामी टाळायला त्यांनी ती फाईल सरळ मिटवली असती. त्या धूळसुद्धा राहू देत नाहीत. उरले खुशालराव. पण ज्यानं स्वतःहून चूक पदरात घेतली, त्याला लपवायला काय उरलं?

"साहेबांनी कबूल कधी केलं?" मी विचारलं.

ताईंनी आठवलं. "आधी म्हणायचे, मला आठवत नाही, इतके फोन येतात. दानियाल मशीन दाखवून गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, ताई, चूक माझी होती."

शेजारच्या खोलीत फोन वाजायला लागला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"साहेब तिथंच आहेत," ताई हळूच म्हणाल्या. "पण ते आता फोन घेत नाहीत."

४

खुशालराव टेबलामागं बसले होते. पांढरी दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. समोरचा फोन वाजून वाजून बंद पडेपर्यंत ते त्याच्याकडं बघत राहिले.

"बस बेटा. अकोल्याहून आली म्हणे. चहा घेशील ना?" ते उठले, कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढं धरला. डब्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'विषप्रक्रिया केलेलं बियाणं. हात लावू नये.'

मी खुर्चीतच मागं सरले. "अल्ला! हे काय देता?"

ते कसनुसं हसले. "बिस्किटं हायेत वं. घे. चांगलं नाव लिवलं की इथले लोक घटकाभरात डबा साफ करतात. आमच्या घरी माय पेरणीची तूर कोंड्याच्या पोत्यात ठेवायची. चोराच्या हाती लागू नये अन् पाहुण्यायच्या वरणातही जाऊ नये म्हणून. नाव बदललं की कोनी हात लावत नाही."

मी एक बिस्किट घेतलं. मऊ पडलं होतं.

"साहेब, त्या फोनवर तुम्ही काय सांगितलं?"

"जास्त मात्रा सांगतली." उत्तर फार लवकर आलं. "माहीच चूक. म्हातारपण. मी कबूल केलंच हाये. मंग तुमी ते यंत्र काहून उकरून राहिले? जाऊ द्या ना, बेटा."

"किती जास्त सांगितली?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी वाट पाहिली. ज्या माणसाच्या एका आकड्यानं पोरगं मेलं, त्याला तो आकडा झोपेतसुद्धा आठवायला पाहिजे. यांना सांगता येईना.

"दानियाल मशीन शिकवत होता तेव्हा तुम्ही त्याला काही विचारलं होतं?"

"आठवत नाही."

दानियाल दारात उभा होता. तो चाचरत म्हणाला, "विचारलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, यातली कोणती फाईल हलली तर हे बंद पडेल, म्हणजे चुकून कुणी हात लावायला नको. मी दाखवली. नावसुद्धा बदलू नका म्हटलं."

माझ्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. मी डब्याकडं पाहिलं, लाल अक्षरांकडं पाहिलं आणि उठले.

पलीकडच्या खोलीत जाऊन मी फाईलींची जागा वरपासून खालपर्यंत चाळली. संस्थेनं शेतकऱ्यांसाठी केलेल्या माहितीपटांच्या सीडी तिथं उतरवून ठेवल्या होत्या. ठिबक सिंचन, निंबोळी अर्क, गांडूळखत. आकार सगळ्यांचे सारखेच. फक्त गांडूळखत मात्र अगडबंब, दिवाळीनंतरच्या तारखेचं. गांडूळखत कोण उघडून बघणार होतं?

मी खोट्या संगणकाला सांगितलं, ही तुझी चकती. आणि सुरू कर म्हटलं. काळा पडदा आला. आम्ही श्वास धरून बसलो. मग पांढऱ्या ओळीच्या जागी जुन्या संगणकाचं चित्र उमटलं, हिरवी टेकडी आणि निळं आभाळ.

"आपा!" दानियाल ओरडला.

खुशालराव माझ्यामागं येऊन उभे होते. त्यांनी भिंत धरली.

५

"सांगू साहेब?" मी म्हणाले. मी रागात होते, पण आवाज चढेना. "तुम्हाला खरंच आठवत नव्हतं काय सांगितलं ते. दानियाल मशीन लावून गेला आणि तुम्ही एकटे बसून तो फोन ऐकलात. दुसऱ्या दिवशी चूक कबूल केलीत, आणि फाईलींच्या नावांची अदलाबदल केलीत. कबूल झालेला माणूस पुरावा लपवतो कधी? पुराव्यात त्याची चूक नसेल तेव्हाच."

सत्यभामाताई दाराशी थबकल्या.

खुशालराव खुर्चीत बसले. मग बोलले ते जमिनीकडं बघून.

"मी बरोबर सांगतलं होतं. इकडं कोनी माप वापरत नाही, बाटलीच्या टोपणानंच मोजतात, मले माहीत होतं. म्हनून खोदून खोदून सांगतलं, लहान बाटलीचं टोपण घे, मोठ्या डब्याचं घेऊ नोको, ते चौपट असते. ती नुसती हाव जी, हाव म्हने. अन् मोठंच घेतलं असन तिनं. ऐकलं तवा मले आधी बरं वाटलं. बेटा, शपथेवर सांगतो, मले बरं वाटलं! मी सुटलो, म्हनलं. अन् मंग मले ती पायरीवर बसलेली दिसली."

ताईंनी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"माहं काय राह्यलं आता? चार लोक शिव्या देतील. तिले अजून जगायचं हाये. नवरा बोलत नाही, गाव बोलत नाही. हे ऐकलं त ती घरी जाऊन राहिलेलं औषध पिऊन टाकन. मिटवून टाकावं म्हनलं, पन मिटवायले हात नाही झाला. बंद कर बेटा ते. नाही चाललं म्हनून सांग."

मी माउसवर हात ठेवून बसून राहिले. दानियालचा आळ फिटला होता, ताईंची संस्था वाचणार होती, म्हातारा निर्दोष होता. आणि या सगळ्याची किंमत बाहेर पायरीवर बसली होती. मला माझ्याच हुशारीची किळस आली. काय गरज होती मला तारीख पाहायची?

"बंद करते," मी म्हणाले.

"नोको करू, बाई."

आशाबाई ताईंच्या मागं उभ्या होत्या. कधीपासून, कुणालाच कळलं नव्हतं. त्या आत आल्या, चपला दाराशी काढून. पडद्यावरच्या हिरव्या टेकडीकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि खुशालरावांकडं वळल्या.

"तुमी काहून आपल्यावर घेता जी? टोपण माह्या हातात होतं. मोठ्या डब्याचं. लहान बाटली गोठ्यात राह्यली होती, अन् आणायले कोन जाते म्हनून मी हाती आलं तेच घेतलं. माहीत हाये मले. त्या रात्रीपासून माहीत हाये."

खुशालरावांनी तोंड झाकून घेतलं.

"मग तुम्ही इथं रोज कशाला बसता?" माझ्या तोंडून निघून गेलं. "काय ऐकायचं आहे तुम्हाला?"

आशाबाई जरा लाजल्यासारख्या झाल्या. "किशोर मांगून बोलला होता ना त्या फोनात. घरी फोटो हाये त्याचा. एका लग्नातला, कडेले उभा. आवाज नाही. आवाज इसरून राहिली मी, बाई. कामात असताना आठवाले जाते अन् तो येतच नाही. लोकायले वाटते, मी दोष पाहाले येते. दोष घेऊन काय करू मी?"

मी प्रोग्राम उघडला. भादव्यातली नोंद सापडली. आशाबाई पडद्यापुढं बसल्या, पदर डोक्यावर सारखा केला, जसं कुणी भेटायला येणार आहे.

आधी खुशालरावांचा आवाज आला, सावकाश, समजावणारा. लहान बाटलीचं टोपण. मोठ्याचं नाही. समजलं का माय? मग आशाबाईंचा, घाईतला. हाव जी, हाव. आणि मग दुरून, कोंबड्यांच्या कलकलाटातून, एक जाडसर तरुण आवाज.

"माय, आटप वं. वारा सुटून राहिला."

खट्. फोन बंद.

आशाबाईंचे ओठ हलले. "आटप वं," त्या म्हणाल्या. "असाच बोले. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. नंतर त्या सांगायच्या, मी लावायची. औषधाचं बोलणं चालू असताना त्या तशाच बसून राहायच्या, जसं ते दुसऱ्याच कुणाचं आहे, आणि शेवट जवळ आला की कान पुढं करायच्या. दानियाल ओसरीत जाऊन हुंदके देत होता. ताईंनी भिंतीकडं तोंड केलं होतं. मला वाटत होतं की हे थांबावं, आणि थांबू नये. त्याच घाईनं पोरगा मेला होता आणि तीच घाई तिला पुन्हापुन्हा ऐकायची होती.

"माय, आटप—"

पंखा घरघरत थांबला. पडदा काळा झाला. या वेळी त्यावर ओळसुद्धा नव्हती. दुपारचं भारनियमन. संस्थेची बॅटरी कधीच बसलेली होती.

त्या शांततेत शेजारच्या खोलीतला फोन वाजायला लागला. त्याला लाइट लागत नाही. वाजतच राहिला. खुशालराव मान खाली घालून बसले होते, हात गुडघ्यांत.

"उचला ना जी," आशाबाई म्हणाल्या. "कोनाचा तरी पोट्टा पंप घेऊन उभा असन."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. मग ते उठले, भिंतीचा आधार घेत पलीकडं गेले. घंटी थांबली. "बोल," त्यांचा घोगरा आवाज ऐकू आला, "बोल बाबू, कोनतं औषध हाये तुह्याजवळ? बाटली हातात घे आधी."

आशाबाई काळ्या पडद्यासमोरून हलल्या नव्हत्या.

"लाइट येते ना पुन्हा?" त्यांनी मला विचारलं.

"येते. संध्याकाळी."

"मंग मी बसते," त्या म्हणाल्या.